जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? आधी कॉलेजमागचं हॉस्पिटल बघ

प्रश्न : ताई, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. यंदा बारावी सायन्स झाले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून 58 टक्के आहेत. नीट दिली, पण बीएएमएसला पुरतील एवढे गुण नाहीत. नर्सिंगची सीईटीही दिली, त्यात 61 गुण आले. आजी दवाखान्यात होती तेव्हापासून मला नर्सिंगच करायचंय, पण घरात एकही जण बाजूने नाही. पप्पा म्हणतात, वर्षभर रिपीट कर आणि बीएएमएस घे. आत्या पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत, त्याच म्हणतात या लाइनला येऊ नको. आलीसच तर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका कर, बीएस्सी करून वॉर्डात काही वेगळं मिळत नाही. मामांच्या ओळखीतला एक जण बेंगळुरूला बीएस्सीची सीट देतो म्हणतोय, 'हजेरीचं बघून घेऊ' असंही म्हणाला. शेजारचे म्हणतात जीएनएम तर बंदच होणार आहे. जिल्ह्याच्या सिव्हिलला जीएनएमला नंबर लागेल असं वाटतंय आणि कॅप राउंडमधून एखादं खासगी बीएस्सी कॉलेजही मिळू शकेल. आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत, धाकटा भाऊ दहावीला. काय करू?

उत्तर : आधी उत्तर सांगते, कारणं मागून येतील. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशातून, बीएस्सीसाठी असं कॉलेज मिळालं की ज्याच्यामागे खरोखर रुग्णांनी भरलेलं हॉस्पिटल आहे, तर डोळे झाकून बीएस्सी घे. तसं मिळालं नाही, तर सिव्हिलचं जीएनएम घे आणि त्यानंतर पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची 2 वर्षांची बीएस्सी, कर. रुग्णच नसलेल्या कॉलेजातली बीएस्सी आणि मामांच्या ओळखीतली बेंगळुरूची सीट, या दोन्हींना नाही म्हण.

तुझ्याभोवती बोलणारी सगळी माणसं 'जीएनएम मोठं की बीएस्सी मोठी' याच्यावर भांडताहेत. खरा प्रश्न तो नाही. जीएनएम ही 3 वर्षांची पदविका, तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंग ही 4 वर्षांची पदवी, आठ सेमिस्टरची, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दोन्हीकडून बाहेर पडणाऱ्या मुली महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करतात आणि दोघींनाही एकच नोंदणी मिळते, आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसविका. इंजेक्शन देण्याचा, प्रसूती करण्याचा अधिकार दोघींना सारखाच. (एएनएम हा 2 वर्षांचा तिसरा रस्ता आहे, तो आरोग्यसेविकेच्या कामासाठी. तुझ्याकडे सायन्स असताना त्याचा विचार करायची गरज नाही.)

फरक प्रवेशाच्या दारात आहे आणि पुढच्या वळणांवर आहे. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी घेऊन 40 टक्के पुरतात. बीएस्सीला तुझे चारही विषय लागतात आणि खुल्या वर्गालासुद्धा त्यांत 45 टक्के असावे लागतात. तुझे 58 आहेत. म्हणजे दोन वर्षं सायन्ससाठी जे कष्ट घेतलेस, ते ज्या दारात मोजले जातात ते दार बीएस्सीचं आहे. म्हणून पहिली पसंती तिला.

आता वर्षांचा हिशेब मांड. बीएस्सी थेट केलीस तर 4 वर्षांत पदवी. जीएनएमवरून पदवी हवी असेल तर 3 अधिक पोस्ट बेसिकची 2, अशी 5 वर्षं. एका वर्षाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण जीएनएम झाल्यावर हातात पगार येतो, घरच्या गरजा त्या पगारावर उभ्या राहतात, मग लग्न, मग मूल, आणि दोन वर्षं पगार सोडून पुन्हा वर्गात बसणं फार थोड्या जणींना जमतं. जीएनएम घेतलंस तर पोस्ट बेसिकला केव्हा बसायचं, ते आजच घरात बोलून ठेव. 'नंतर बघू' म्हटलेलं पोस्ट बेसिक बहुतेक वेळा राहून जातं.

आत्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं नीट समजून घे. राज्य सरकारच्या हॉस्पिटलात अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही चालतात. वेतनश्रेणी एकच, एस-13, म्हणजे सुरुवातीचं मूळ वेतन 35,400 रुपये. पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका ही शिडी दोघींनाही चढता येते. रेल्वेच्या भरतीतही जीएनएम झालेली मुलगी बीएस्सीवालीच्या शेजारी बसून परीक्षा देते. आत्या ज्या वॉर्डात आहेत तिथून पाहिलं तर त्यांना फरक दिसत नाही, यात नवल नाही.

पण वॉर्डाबाहेर पडायचं म्हटलं की फरक लागलीच दिसतो. दिल्ली, नागपूर किंवा दुसऱ्या कुठल्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर व्हायचं तर नॉरसेट ही भरती परीक्षा द्यावी लागते. बीएस्सी झालेली मुलगी नोंदणी झाल्याबरोबर अर्ज करू शकते. जीएनएमवालीला त्याआधी किमान 50 बेडच्या हॉस्पिटलातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. तिथलं मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं. एमएस्सी नर्सिंग करून शिकवायला जायचं, तर बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक हवीच, त्यात 55 टक्के हवेत आणि वर्षभराचा अनुभव हवा. आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल तर तिथेही बीएस्सीचा उपयोग होतो. ती जागा कंत्राटी असते हे मात्र लक्षात ठेव. परदेशाचं म्हणशील तर ऑस्ट्रेलिया आणि कॅनडासारख्या देशांत पदवीलाच वजन आहे. जर्मनीला दोन्हीकडच्या नर्सेस जातात, पण तिथे भाषेची बी-2 पातळी गाठेपर्यंत घाम निघतो.

इथे एक सावधगिरी. जीएनएम करून पुढे एम्सला अर्ज करायचा असेल तर पहिल्या नोकरीपासून कागद जपावे लागतात. नेमणूकपत्र, पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, आणि अनुभवपत्रावर दोन तारखा व हॉस्पिटलची बेडसंख्या स्पष्ट लिहिलेली हवी. पगार रोख घेतला, पत्रावर नुसतं 'दोन वर्षं काम केलं' लिहून आणलं, की परीक्षा पास होऊनही कागदपत्रांच्या तपासणीत नाव कटतं. नोंदणीच्या आधी केलेलं काम अनुभवात धरत नाहीत. आणि कोणतंही हॉस्पिटल मूळ प्रमाणपत्रं 'बॉन्ड म्हणून' ठेवून घेतो म्हणालं, तर देऊ नकोस. झेरॉक्स दे, मूळ प्रत दाखव आणि परत घे.

आता ज्यावर तुझा सगळा निर्णय उभा आहे, त्या गोष्टीकडे येते. नर्सिंग हे हातांनी शिकायचं शास्त्र आहे आणि हात रुग्णाशेजारीच तयार होतात. एक साधं काम घे. 500 मिलीची सलाइन 6 तासांत द्यायची आहे, सेट 20 थेंबांना 1 मिलीचा आहे. 500 गुणिले 20, भागिले 360 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 28 थेंब. हे गणित वर्गात पाच मिनिटांत येतं. वॉर्डात घड्याळाचा सेकंदकाटा आणि ड्रिप चेंबर एका नजरेत धरून रेग्युलेटरची चकती फिरवायची असते. 15 सेकंदांत 7 थेंब पडले की वेग बसला. मग रुग्ण कुशीवर वळतो, हात कोपरात वाकवतो, आणि थेंब थांबतात. किंवा कुणी नातेवाईक 'लवकर संपू दे' म्हणून चकती सैल करतो आणि बाटली तासाभरात रिकामी होते. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्याने धाप लागते, फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून दर थोड्या वेळाने पुन्हा जाऊन थेंब मोजायचे, सुईच्या जागी सूज आली का ते बोट लावून बघायचं. हे पुतळ्यावर शिकता येत नाही, कारण पुतळा कूस बदलत नाही.

म्हणून कॉलेज बघताना इमारत, एसी वर्ग आणि गणवेशाचा रंग बाजूला ठेव आणि बेड मोज. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत कॉलेजचं स्वतःचं 100 बेडचं हॉस्पिटल, एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण, आणि बेड साधारण 75 टक्के भरलेले, अशी अपेक्षा आहे. आता हिशेब कर. 100 बेड, त्यांतले 75 भरलेले, म्हणजे एका वेळी 25 मुली नीट शिकू शकतात. कॉलेजची प्रवेशक्षमता 60 असेल आणि चारही वर्षांचे वर्ग भरलेले असतील तर मुली झाल्या 240. त्यांतल्या 60 जणी जरी एका वेळी पोस्टिंगवर, म्हणजे वॉर्डात शिकायला असल्या तरी 180 रुग्ण लागतात. उरलेले रुग्ण कुठून येतात हा तुझा पहिला प्रश्न असला पाहिजे. चांगलं खासगी कॉलेज लगेच सांगतं की आमचं अमुक जिल्हा रुग्णालयाशी, तमुक मनोरुग्णालयाशी संलग्नीकरण आहे, बस इतक्या वाजता सुटते. जे कॉलेज या प्रश्नाला चाचरतं, तिथे फाइलमध्ये बेड असतात आणि वॉर्डात नसतात.

स्वतः जाऊन बघ, पप्पांना बरोबर घेऊन जा. रविवारी किंवा सणाच्या दिवशी जाऊ नको. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी नऊ-साडेनऊला जा. आधी ऑफिसात न जाता हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी उभी राहा. रांग आहे का, बघ. मग प्रसूती वॉर्ड कुठे आहे ते विचार. मेडिसिनचा वॉर्ड कुठल्याही हॉस्पिटलात थोडाफार भरलेला दिसतो, पण प्रसूती विभाग आणि लहान मुलांचा विभाग चालू ठेवायला खरे डॉक्टर आणि खरे रुग्ण लागतात. बेडवर चादर कडक इस्त्रीची, लॉकरवर पाण्याची बाटली नाही, खाली चपला नाहीत, नातेवाईक नाहीत, असं दिसलं तर तो वॉर्ड तपासणीपुरता लावलेला आहे असं समज.

त्यानंतर शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना गाठ, शक्यतो कॉलेजच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर. त्यांना तीन गोष्टी विचार. आत्तापर्यंत किती नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हाताने केल्या? पोस्टिंगला आठवड्यातून किती दिवस जाता? आणि लॉगबुक कधी भरता, रोज की परीक्षेच्या आधी एकदम? अभ्यासक्रमात प्रसूतीच्या केसेसची संख्या ठरलेली असते आणि त्यांवर सही लागते. 'मॅडम सांगतात तसं लिहून काढतो' असं उत्तर आलं, तर तिथून उठ. तिथून पदवी मिळेल, पण पहिल्या रात्रपाळीत बाळ रडलं नाही तर काय करायचं ते हातांना ठाऊक नसेल.

शिक्षकही मोज. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण अपेक्षित आहे. भिंतीवरच्या फलकावरची नावं आणि प्रत्यक्ष वर्गात उभ्या असलेल्या व्यक्ती एकच आहेत का, हे त्याच मुली सांगतील.

हीच कसोटी सिव्हिलच्या जीएनएम स्कूललाही लाव. तिथे रुग्णांची कमतरता नसेल. अडचण उलटी असते. वॉर्ड इतका भरलेला असतो की विद्यार्थिनींना शिकवण्याऐवजी मनुष्यबळ म्हणून वापरलं जातं. सलाइन लावणं, बेड करणं, सॅम्पल नेऊन देणं यांत दिवस जातो आणि 'हे औषध का' असं विचारायला कुणी नसतं. पण त्यावर उपाय तुझ्या हातात आहे: रोजच्या ड्यूटीतला एक रुग्ण निवडायचा, त्याचा केसपेपर वाचायचा, संध्याकाळी वसतिगृहात त्याच्या प्रत्येक औषधावर चार ओळी लिहायच्या. रुग्ण असतील तर हे करता येतं. रुग्णच नसतील तर काही उपाय नाही. म्हणूनच मी रिकाम्या हॉस्पिटलच्या बीएस्सीपेक्षा भरलेल्या सिव्हिलचं जीएनएम वर ठेवते.

पैशांकडे वळू. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तू त्यात बसतेस. पण अट मोठी आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेल्या सीटला ही सवलत नाही. त्यामुळे 'फॉर्मचं झंझट कशाला, थेट या, सीट देतो' असं एखादं कॉलेज म्हणालं, तर त्याचा अर्थ चार वर्षांची संपूर्ण फी तुझ्या घरावर येणार असा घे. माफीनंतरही वसतिगृह, मेस, बस, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. तो कॉलेजकडून लेखी माग. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या कॉलेजला किती फी मंजूर केली आहे ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसतं. मंजूर आकड्यापेक्षा जास्त रक्कम 'डेव्हलपमेंट' म्हणून रोखीत मागत असतील तर पावती माग. पावती मिळत नसेल तर पुढे काय होणार ते तुला कळेलच.

कर्ज काढून मॅनेजमेंट सीट घ्यायचा विचार घरात निघालाच, तर हा हिशेब पप्पांसमोर ठेव. दरवर्षी 1 लाख याप्रमाणे 4 लाखांचं शैक्षणिक कर्ज, व्याज 10 टक्के धरू. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळव्याजानेही पहिल्या लाखावर 50 हजार, दुसऱ्यावर 40, तिसऱ्यावर 30, चौथ्यावर 20, म्हणजे 1 लाख 40 हजार. हप्ता सुरू होताना डोक्यावर 5 लाख 40 हजार असतात. ते 7 वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास 9 हजार. सरकारी नोकरी लगेच लागली तर हे पेलतं. लहान खासगी हॉस्पिटलात सुरुवात झाली तर पगाराचा मोठा भाग त्यातच जातो, आणि तोपर्यंत भाऊ कॉलेजात असेल. म्हणून मी मॅनेजमेंट सीटपेक्षा सिव्हिलचं जीएनएम घे म्हणते.

बेंगळुरूबद्दल मी थोडक्यात पण ठाम सांगते. तिथे चांगली नर्सिंग कॉलेजं आहेत, महाराष्ट्रातल्या मुली तिथे नीट शिकूनही येतात. कर्नाटकात शिकलीस तर नोंदणी कर्नाटकच्या परिषदेत होते आणि मग ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात बदलून आणावी लागते, तेही होतं. अडचण राज्याची नाही, 'हजेरीचं बघून घेऊ' या वाक्याची आहे. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत किमान 80 टक्के हजेरी असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी 100 टक्के भरून काढावी लागते. ही अट तुला छळायला केलेली नाही. तुझ्या हाताखाली येणाऱ्या रुग्णासाठी केलेली आहे. जो माणूस प्रवेशाआधीच ती विकायला काढतो, तो उद्या खोटं संलग्नीकरणही विकेल. अशा सीटवर शिकलेल्या मुलीच्या नोंदणीच्या वेळी काय काय निघतं याची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे तिला काम येत नसतं आणि ते तिला ठाऊक असतं. शिवाय महाराष्ट्राची फीमाफी तिथे लागू नाही. मामांना नम्रपणे सांग, सीट नको.

'जीएनएम बंद होणार' या बातमीचं मूळ खरं आहे. 2019 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने जीएनएमच्या शाळा बंद करून पदवीकडे वळवायचं धोरण जाहीर केलं होतं. ते अमलात आलं नाही, जीएनएमचे प्रवेश चालूच आहेत. उद्या बंद झालंच तरी झालेली नोंदणी रद्द होत नाही. घाबरून निर्णय बदलू नको.

आता पप्पा. त्यांच्या मनात 'डॉक्टर' हा शब्द आहे आणि तुझ्या काळजीपोटीच आहे, हे धरून चाल. बीएएमएस म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात रिपीटचं एक धरलं तर साडेसहा. तेवढ्या काळात बीएस्सी होऊन तुझी अडीच वर्षांची नोकरी झालेली असेल. पण हा हिशेब त्यांना दुसऱ्यांदा सांग. पहिल्यांदा सांग की बीएएमएस हा वेगळा व्यवसाय आहे आणि तुला तो करायचाच नाही. तुला तपासून औषध लिहून देणारी व्हायचं नाही. चोवीस तास रुग्णाजवळ असणारी, त्याच्यात होणारा बदल सर्वांत आधी ओळखणारी व्हायचंय. ज्या कामाची इच्छा नाही त्यासाठी रिपीटचं वर्ष काढलं तर ते वर्षही जातं आणि पुढची साडेपाचही. कॉलेज बघायला त्यांना बरोबर घेऊन जा म्हटलं ते यासाठीही. वॉर्डात उभं राहून माणूस वेगळा विचार करतो.

नीट दिलीच आहेस तर एक दार बघून ठेव. सैन्याच्या नर्सिंग सेवेसाठी पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी अशा सहा महाविद्यालयांत मिळून बीएस्सीच्या 220 जागा असतात, अविवाहित मुलींसाठी. तिथे नीटचे गुण धरतात, बारावी पहिल्याच प्रयत्नात आणि 50 टक्क्यांवर हवी. निवड झाली तर शिक्षणाचा खर्च सैन्य करतं आणि पुढे लेफ्टनंट म्हणून रुजू होता येतं. स्पर्धा कडवी आहे, त्यामुळे यावर विसंबून कॅपचा अर्ज चुकवू नको.

आत्यांचं 'येऊ नको' मात्र हलकं घेऊ नको. पंचवीस वर्षं केलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. त्यांना विचार, नेमकं काय सोसलं? बहुधा त्या रात्रपाळीबद्दल सांगतील, तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात एकटीने काढलेल्या रात्रींबद्दल, रुग्ण उचलून दुखावलेल्या कमरेबद्दल, दिवाळीत कधीच घरी नसण्याबद्दल, नातेवाइकांच्या शिव्यांबद्दल. हे सगळं खरं आहे, पदवी घेतल्याने टळत नाही. पण ते आत्ता ऐकलंस तर तयारीने जाशील. त्यांना अजून एक विचार: मला ओव्हर द्यायला-घ्यायला शिकवाल का? एका पाळीने दुसरीला रुग्ण सोपवताना काय सांगायचं, कुठल्या क्रमाने, काय कधीच विसरायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुठलंही पुस्तक शिकवणार नाही. जी बाई विरोध करतेय, तीच तुझी सर्वांत चांगली शिक्षिका होऊ शकते.

या आठवड्यात करायची कामं. नॉन-क्रीमी लेअर चालू वर्षाचं आहे का ते बघ, जुनं असेल तर आजच अर्ज टाक. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर तेच सर्वांत जास्त वेळ खातं; गुण असूनही राखीव सीट या कागदामुळे जाऊ शकते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला आणि शारीरिक पात्रतेचं प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या मूळ प्रतीबरोबर तीन संच ठेव. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, तपास. पसंतीक्रम भरताना सरकारी कॉलेजं वर, मग तू स्वतः पाहिलेली खासगी. न पाहिलेलं कॉलेज केवळ जवळ आहे म्हणून यादीत घालू नको. जीएनएमचा अर्जही त्याच वेळी भरून ठेव, बीएस्सीच्या यादीची वाट बघत बसू नको.

निकाल लागेपर्यंतचे दिवस इंग्रजीला दे. मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमीत अडकतात ते विषय कठीण म्हणून नाही, शब्द अनोळखी म्हणून. रोज दहा वैद्यकीय शब्द, उच्चारासह, एका वहीत. नर्सिंगला थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे 50 टक्के लागतात, एकाने दुसरं भरून निघत नाही.

आणि एक काम कॉलेज सांगायची वाट न बघता कर. हिपॅटायटिस बीची लस घे. तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. नवशिक्या हाताला सुई टोचण्याचा धोका पहिल्या वर्षातच जास्त असतो. वापरलेल्या सुईला झाकण परत लावायला जाऊ नकोस, ती तशीच पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात टाक. प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात पहिला डोस घेतलास, तर वॉर्डात सुई हातात येईपर्यंत निदान दोन झालेले असतील. कार्ड फाइलमध्ये ठेव, आणि तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघून घे.